मनाली–लेह की श्रीनगर–लेह: घाटांचा सराव असलेल्या दोघांनी कोणता मार्ग धरावा?

पंचगंगाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझा १९ वर्षांचा भाचा सायकलने लेहला जाणार आहोत. यंदा गणपतीला आम्ही घरी नसू, याला घरच्यांनी मोठ्या मनाने होकार दिला आहे. शिरोलीच्या कारखान्यातून मला जाण्यायेण्यासकट २० दिवसांची रजा मिळाली आहे. आमचा सराव कोल्हापूरच्या आसपासचा आहे. दर रविवारी पन्हाळा होतो, महिन्यातून एकदा गगनबावड्याला जाऊन करूळ घाट उतरतो आणि भुईबावडा घाटाने परत वर येतो. फोंडा आणि आंबोली हे घाटही सामान लादून चढलो आहोत. हिमालयात मात्र आम्ही दोघेही कधी गेलेलो नाही.

भाच्याच्या मनात मनाली–लेह आहे, कारण तांगलांग ला या ५,३२८ मीटर उंचीच्या खिंडीचे त्याला फार आकर्षण आहे. मी नकाशा पाहिला तेव्हा दोन्ही मार्ग मला जवळपास सारखेच, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरच्या घरातले दिसले. रोज ६० किलोमीटर धरले तर आठवड्याभरात लेह गाठता येईल, असा आमचा हिशेब आहे. तो बरोबर आहे का, आणि पहिल्या वेळी कोणता मार्ग धरावा, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

कसबा बावडा यांचे उत्तर

आपला सराव चांगला आहे आणि पायांची चिंता करण्याचे कारण नाही. हिशेब मात्र किलोमीटरचा न करता रात्रींचा करावा, असे मी आग्रहाने सांगेन. दिवसा कोणत्या उंचीवर गेलो यापेक्षा रात्री कोणत्या उंचीवर झोपलो, हे तिकडे जास्त महत्त्वाचे असते. साधारण ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच जागी जास्तीची काढावी, हा सर्वमान्य नियम आहे. हवेतले प्राणवायूचे प्रमाण तिथेही आपल्याइतकेच, म्हणजे २१ टक्के असते, पण हवेचा दाब उतरतो आणि तांगलांग ला वर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा राहतो. कोल्हापूर साधारण ५७० मीटरवर आणि पन्हाळा ९७७ मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडचा कितीही घाट चढला तरी या गोष्टीचा सराव होत नाही.

आता मनाली–लेह रस्ता या नजरेने पाहा. केलांग साधारण ३,१०० मीटरवर आणि जिस्पा ३,२०० मीटरवर आहे, इथपर्यंत सगळे ठीक चालते. त्यानंतर बारालाचा ला ओलांडून सरचूला मुक्काम पडतो, तो ४,२०० मीटरच्या वर. पुढे गाटा लूप्सची २१ वळणे, नकी ला, लाचुंग ला आणि मग पांग, तेही साधारण ४,६०० मीटरवर. सरचूत कोणाची तब्येत बिघडली तर मागे बारालाचा ला आहे आणि पुढे नकी ला आहे. पांगमध्ये बिघडली तर मागे लाचुंग ला आणि पुढे तांगलांग ला. आजारी माणसाला उतरवून खाली न्यायचे असते, आणि इथे खाली जाणारी प्रत्येक वाट आधी वर चढते.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. आम्ही तिघे होतो आणि तिघेही दणकट होतो. सरचूच्या तंबूत संध्याकाळी आमच्यातल्या एकाचे डोके दुखू लागले, पण आपल्यामुळे दोघांचा बेत मोडू नये म्हणून त्याने ते सांगितले नाही. पांगला पोहोचला तेव्हा त्याला ताट समोर धरवत नव्हते, आणि रात्री त्याला स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडता येईनात. तो दोन बोटांत नाडी धरून नुसता तिच्याकडे पाहत बसला होता. ते पाहिल्यावर आम्ही लष्कराच्या तळावर धावलो. तिथे त्याला प्राणवायू दिला आणि पहाटे गाडीने तांगलांग ला ओलांडून लेहला नेले. तो बरा झाला. पण त्या रात्री मला जी भीती वाटली ती आजही गेलेली नाही, म्हणून आपल्या भाच्याविषयी विशेष काळजीने लिहितो आहे. तरुण आणि जोरकस मुले लवकर वर पोहोचतात आणि दुखणे लपवतात. त्याला आधीच बजावून ठेवा की डोकेदुखी सांगणे म्हणजे हार मानणे नव्हे.

श्रीनगर–लेह मार्गावर झोजी ला ३,५२८ मीटर, नामिका ला ३,७०० मीटर आणि फोटू ला ४,१०८ मीटर अशा तीन खिंडी आहेत, पण प्रत्येक खिंडीनंतर आपण उतरून झोपतो. द्रास साधारण ३,२८० मीटरवर, कारगिल २,६७६ मीटरवर आणि लामायुरू ३,५०० मीटरच्या आसपास आहे. पहिल्या वेळी हाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

राजारामपुरी सातवी गल्ली यांचे उत्तर

वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र मनाली–लेह नवख्याने करूच नये असे मला वाटत नाही. मी आणि माझ्या जावेने केलांगला दोन आणि जिस्पाला तीन रात्री काढल्या, त्यातली एक सकाळ जिस्पाच्या पुढच्या दारचा गावापलीकडे सामान न घेता चढून परत खाली येण्यात घालवली, आणि पुढचा रस्ता आम्हाला सुखाचा गेला. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मोटारींची गर्दी बोगद्यातून जाते, त्यामुळे रोहतांगची चढण सायकलवाल्यांना पूर्वीपेक्षा शांत मिळते. चढण मात्र मोठी आहे. मनालीपासून खिंडीच्या माथ्यापर्यंत १,९०० मीटर, म्हणजे एका दमात जवळपास पाच पन्हाळे होतात.

तरीही आपल्या २० दिवसांत जाणे, येणे आणि इतके थांबणे मनालीच्या वाटेवर बसत नाही. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मू आणि तिथून श्रीनगर, यात चार दिवस धरा. श्रीनगरला दोन आणि सोनमर्गला दोन रात्री, मग द्रास, कारगिल, मुलबेख, लामायुरूला दोन रात्री आणि खालत्सेच्या पुढे कुठेतरी एक, असे दहा दिवस होतात. मुलबेखला रस्त्यालगत खडकात कोरलेली मैत्रेयाची उंच मूर्ती आहे, तिथे सायकल टेकवून थोडा वेळ बसावे. मला संपूर्ण प्रवासातली तीच जागा सर्वांत जास्त आठवते.

झोजी लाला कमी लेखू नये. उंची साधारण असली तरी कच्चा भाग, चिखल आणि मालमोटारींची रांग, असा तो दिवस असतो. तिथली वाहतूक बऱ्याचदा एका बाजूने सोडतात, म्हणून आदल्या संध्याकाळी सोनमर्गला पोलिसांकडे चौकशी करून भल्या पहाटे निघावे. सप्टेंबर निवडलात हे उत्तम केलेत, कारण अमरनाथ यात्रेच्या दिवसांत बालतालपर्यंतचा रस्ता गाड्यांनी भरलेला असतो.

गंगावेश यांचे उत्तर

मार्गाविषयी वरच्या दोघांनी सांगितले आहेच. मी सायकल दुरुस्तीचे काम करतो, म्हणून तेवढेच सांगतो. पुढच्या सर्वांत लहान चेनरिंगला, म्हणजे पॅडलजवळच्या दातेरी चक्राला, मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चक्रापेक्षा कमी दात असावेत. पुढे २२ आणि मागे ३६ असतील तर सामानासकट बसून चढता येते. विरळ हवेत पॅडलवर उभे राहिले की दोन मिनिटांत धाप लागते. निघण्यापूर्वी मागच्या चाकाची आउट (वाकडेपणा) काढून घ्या आणि स्पोकचा ताण तपासून घ्या, कारण सामानाचा भार तिथेच येतो. कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या संचाच्या, बाजूचा स्पोक तुटला तर कॅसेट काढल्याशिवाय नवा बसत नाही, म्हणून ते हत्यार आणि मापाचे चार स्पोक सोबत असावेत.

माझी स्वतःची सायकल एका वाहतूकदाराने खोक्यातून पोहोचवली तेव्हा गिअर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्यावर बसतो तो फ्रेमचा तुकडा, वाकलेला निघाला आणि पहिला अख्खा दिवस तो सरळ करण्यात गेला. शंभर ग्रॅमचाही नसलेला तो तुकडा जास्तीचा घेऊन जा, आणि पॅक करताना मागचा डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधा. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, थोडे दाबावे आणि सोडावे. रिम ब्रेक असतील तर अधूनमधून थांबून रिम निवू द्या.

पंचगंगाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. काल रात्री ही उत्तरे भाच्याला मोठ्याने वाचून दाखवली. बुटाच्या नाडीचा प्रसंग ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता आणि मग स्वतःच श्रीनगरला तयार झाला. पाच हजार मीटरची खिंड राहून जाईल याची मात्र त्याला रुखरुख आहे. त्यावर काही उपाय आहे का? आणि डोंगरावरच्या आजारासाठी गोळ्या आधीपासून घ्याव्यात का?

कसबा बावडा

त्याची रुखरुख दूर होईल. लेहला पोहोचल्यावर दोन रात्री विश्रांती घ्या. तिसऱ्या दिवशी सामान खोलीवर ठेवून फक्त पाणी, खाणे आणि गरम कपडे घेऊन पहाटे खारदुंग लाकडे निघा. लेहपासून ती ३९ किलोमीटरवर आहे. माथ्यावरच्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते, मात्र खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८० फूट आहे, आणि तीही भाच्याच्या तांगलांग लापेक्षा थोडी जास्तच भरते. वर अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका. रात्री पुन्हा लेहमध्येच झोपायचे आहे, त्यामुळे तब्येत बिघडलीच तर सगळी वाट उताराची आहे.

गोळ्यांचे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते त्यांना आवर्जून सांगा. गोळी घेतली म्हणून मुक्काम कमी करू नका. रोज संध्याकाळी चहाच्या आधी दोघांनी एकमेकांना सरळ रेषेत, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या चवड्याला लावत दहा पावले चालायला लावा. ज्याचा तोल जाईल, किंवा जो स्वस्थ बसलेला असतानाही धापा टाकत असेल, त्याला उजाडण्याची वाट न पाहता त्याच वेळी गाडी करून खाली न्या.