सोसायटीत 'बाहेरचा' भाडेकरू नको, पण बाहेरचा म्हणजे कोण?

कृष्णाकाठ: सांगलीत विश्रामबागला आमची १२ फ्लॅटची बिल्डिंग. दुसऱ्या मजल्यावर एक बिहारी पीओपीवाला भाड्यानं येतोय, बायको दोन पोरं. मीटिंगमध्ये ठराव आलाय की बाहेरच्यांना फ्लॅट द्यायचा नाही. मी ठरावाच्या बाजूनं, आधीच सांगतो. मोहरीच्या तेलाचा वास जिन्यात बसतो, माणूस कुठला काय कळत नाही, उद्या काय झालं तर धरायचं कुणाला?

हळदकांडी: वासाचं बोलूच नका. तुमच्याच बिल्डिंगीत गॅलरीत सुकट वाळत घालतात, मांजरं लाईन लावून बसलेली असतात, तेव्हा जिन्यात काय अत्तर शिंपडता व्हय? आणि ज्या छताखाली ठराव केला ते पीओपी कुणी केलंय?

कृष्णाकाठ: त्यानंच. काम एक नंबर आहे, नाही कुठं म्हणतोय. काम करावं, संध्याकाळी जावं.

हळदकांडी: कुठं, पाटण्याला?

घाटावरचा: करार करा, पोलिसांत भाडेकरूची माहिती द्या, विषय संपला. पण हे सगळ्यांना लावा. आमच्या शेजारचा भाडं बुडवून गेला तो अस्सल आपल्या जिल्ह्यातला, जाताना पंखा पण सोडवून नेला.

कृष्णाकाठ: म्हणून तर व्याख्या केलीय. सांगलीत पूर बघितलेला तो स्थानिक.

मिरजजंक्शन: कुठला पूर? २००५ चा का २०१९ चा, का २०२१ चा पण चालतोय? २०१९ ला आम्ही गावभागातनं गाद्या डोक्यावर घेऊन तुमच्या विश्रामबागेतच आलतो, तेव्हा महिनाभर जिन्यात ऐकू यायचं, "त्या पूरवाल्यांना टाकीचं पाणी जपून वापरायला सांगा". म्हणजे आम्ही पाण्यात उभं राहून बाहेरचे आणि तुम्ही गच्चीतनं फोटो काढून सांगलीकर.

तिसरीघंटा: बाहेरचं नको तर आधी सांगलीला नाट्यपंढरी म्हणायची पाटी काढा. कर्नाटकातनं आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून सांगलीचे राजे पटवर्धन सरकारांनी विष्णुदास भाव्यांना नाटक करायला लावलं, तेव्हा कुठं १८४३ ला 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. आणि पटवर्धन तरी कुठले? मूळचे कोकणातले.

कृष्णाकाठ: नाटक वेगळं, जिना वेगळा.

विट्याचापोर: तुमचे सेक्रेटरी आमच्या विट्याकडचे ना? मग घरात एखादा तरी गलाईवाला, म्हणजे परराज्यात सोनं-चांदी गाळणारा, असणारच. मी १४ वर्षं कोइमतूरला आहे, सोनं गाळायला ॲसिड लागतं, त्याचा धूर एकदा जिन्यात गेला की मोहरीचं तेल काय घेऊन बसलाय राव. खालची आजी रोज तमिळमध्ये कायतरी म्हणायची, मला वाटायचं विचारपूस करतीय, ६ वर्षांनी अर्थ कळला. इथं आम्हाला हिंदीवाले म्हणतात.

कृष्णाकाठ: ते वेगळं. आपली माणसं पोटासाठी जातात.

विट्याचापोर: आणि हा काय गणपती बघायला आलाय?

कृष्णाकाठ: विषय भरकटला, माझ्याकडनं थांबतो. बाकी हॉलमधलं पीओपी पावसानं फुगलंय, त्याचा नंबर कुणाकडं आहे का? रविवारच्या मीटिंगच्या आधी करून गेला तर बरं, नंतर येईल न येईल.