दगड पॉलिश करायचा मोठा ड्रम घरी बनवायचाय, ३० किलोच्या घाण्याला माप काय ठेवू?

अंगण_खानापूर यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, नंदगडच्या बाजूची. घरापुढं नवीन तुळशी वृंदावन बांधून घेतलंय. त्याच्या भोवतीची सहा बाय आठ फुटांची जागा फरशी न घालता दगडगोट्यांनी बसवायची, असं मनात आहे. गोटे विकतचे नकोत. शेताच्या बांधावर, विहीर खणलेल्या ढिगाऱ्यात, माहेरी हिरण्यकेशीच्या काठाला, जिथं जिथं चांगला दगड दिसला तिथून मी लग्नाआधीपासून उचलत आलेय. पांढऱ्या गारगोट्या, तांबूस तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचे, काही काळे कुळकुळीत. परसात त्यांचा ढीग आहे आणि प्रत्येक दगड कुठला, ते मला आजही सांगता येतं.

मुलानं आणून दिलेलं दीड किलोचं छोटं टंबलर, म्हणजे ड्रममध्ये दगड फिरवून पॉलिश करायचं यंत्र, घरात आहे. त्यातून निघालेले दगड बघून शेजारची पोरं हातात घेऊन बसतात, खाली ठेवायला तयार होत नाहीत. काम कसं चालतं हे मला कळतं, ग्रिट, म्हणजे घासायची कठीण भुकटी, कसं बदलायचं तेही. पण दीड किलोनं अंगण कधी भरणार? एका घाण्याला निदान ३० किलो दगड निघाले पाहिजेत.

दिरांचं वेल्डिंगचं दुकान आहे, म्हणजे कापाकापी-जोडणी घरच्या घरी होईल. त्यांचं म्हणणं, दोनशे लिटरचं तेलाचं रिकामं बॅरल घ्यायचं, आडवं टाकायचं आणि जुन्या पंपाची दीड एचपीची मोटर पट्ट्यानं जोडायची. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते आकड्यांत सांगता येत नाही. ड्रम किती मोठा, किती वेगानं फिरवायचा, आतून काय लावायचं? ज्यांनी असलं काही फिरवलंय त्यांनी सविस्तर सांगा.

उद्यमबाग_फिटर:

ताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. माझी सगळी नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत, फाउंड्रीच्या फेटलिंग खात्यात झाली. कास्टिंगला चिकटलेली वाळू काढायला तिथं मोठाले टंबलिंग बॅरल असायचे, आत बिडाचे स्टार टाकून फिरवायचे. दगडाचं आणि कास्टिंगचं तंत्र एकच, फक्त दगडाला मार सोसत नाही.

आधी बॅरलचा हिशोब करू. दोनशे लिटरचं बॅरल दोन तृतीयांश भरलं तर आत दोनशे किलोच्या वर दगड बसतात, वरून पन्नास-एक लिटर पाणी. ते पेलणारी फ्रेम, शाफ्ट, बेअरिंग म्हणजे कारखान्याचं मशीन झालं. बॅरलचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, कार्बोरंडमचं ग्रिट त्याला आतून चाळणी करून ठेवील. अर्धंच भरू म्हणाल, तरी खरी अडचण व्यासाची आहे. ड्रम जितका रुंद, तितका दगड जास्त उंचीवरून खाली पडतो. गारगोटी ठिसूळ. तिच्या अंगावर नखासारख्या अर्धगोल चिरा उठतात आणि मग कितीही पॉलिश करा, त्या जात नाहीत. म्हणून माल जास्त पाहिजे असेल तर ड्रमची लांबी वाढवायची, व्यास नाही.

माझं माप लिहून घ्या. बारा इंची एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप, सहा मिलिमीटर जाडीचा, ४५ सेंमी लांब. स्क्रॅपवाल्याकडं असला तुकडा मिळतोय. त्याचा बाहेरचा व्यास ३२४ मिमी. आतून रबर लावल्यावर साधारण ३१ लिटर जागा उरते. दोन तृतीयांश भरला की ३० ते ३३ किलो दगड बसले. तुम्हाला पाहिजे तेवढंच की ओ! पाणी दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली ठेवायचं.

आता वेग. ड्रम फार जोरात फिरला तर दगड भिंतीला चिकटून गोल गोल जातात, एकमेकांवर घासतच नाहीत. तो वेग काढायचा सोपा हिशोब आहे: ४२.३ ला व्यासाच्या वर्गमुळानं भागायचं, व्यास मीटरमध्ये. तुमच्या ड्रमचा आतला व्यास ०.३० मीटर धरला तर मिनिटाला ७७ फेरे येतात. आपण त्याच्या निम्म्याच्या खालीच राहायचं. ३० फेऱ्यांच्या आसपास दगड वर चढून एकावर एक घरंगळत येतात, आपटत नाहीत. आवाजावरून कळतं. एकसारखी सरसर यायला पाहिजे. खडखड आली तर माल कमी आहे, नाहीतर वेग जास्त आहे.

पंपाची मोटर सोडून द्या. ती बहुतेक मिनिटाला २८८० फेऱ्यांची असते आणि मोनोब्लॉक (पंप-मोटर एकाच अंगाचं) असेल तर पुली बसवायला शाफ्टसुद्धा बाहेर नसतो. अर्धा एचपी, सिंगल फेज, १४४० ची मोटर बास. ड्रम दोन रोलरवर आडवा ठेवायचा, त्यातला एक रोलर मोटरनं फिरवायचा. मोटरवर दोन इंची पुली, त्या रोलरच्या शाफ्टवर बारा इंची, ए सेक्शनचा पट्टा. रोलर झाला २४० ला. रोलर म्हणजे २५ मिमीचा ब्राइट बार, त्यावर एक इंची हायड्रॉलिक होजचे तुकडे सरकवायचे. बाहेरून ३८-४० मिमी भरतात. बेळगावात हायड्रॉलिकच्या कामाला तोटा नाही, होजचे कापलेले तुकडे कुणीही देईल. ४० चा रोलर ३२४ च्या ड्रमला फिरवतोय म्हणजे आठास एक, ड्रम आला ३० वर. दुसरा रोलर नुसता मोकळा फिरू द्या. दोन्ही रोलरच्या मध्यातलं अंतर १८ ते २० सेंमी. रोलरची टोकं धरायला चार प्लमर ब्लॉक (बेअरिंगची बैठक) लागतील, २०५ नंबरचे.

आतल्या रबराला ट्रकची ट्यूब लावा म्हणून सांगणारे भेटतील. ती पातळ, लवकर फाटते. त्यापेक्षा संकेश्वर, निपाणीकडं साखर कारखाने आहेत, तिथला बाद झालेला कन्व्हेअर बेल्ट बघा. आठ मिलिमीटरचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. रबराच्या सोल्युशननं चिकटवा आणि त्याच बेल्टच्या दोन सेंमी उंचीच्या तीन पट्ट्या आत लांबीला लावा, म्हणजे दगड नुसते घसरत बसणार नाहीत. दोन्ही टोकांच्या प्लेटांनाही आतून रबर पाहिजेच. एका टोकाला प्लेट वेल्ड, दुसऱ्या टोकाला फ्लँज, मध्ये रबरी गॅस्केट आणि आठ बोल्ट.

फिरताना ड्रम एका बाजूला सरकत जातो. फ्रेम लेव्हलला घ्या, तरीही दोन्ही टोकांना एकेक छोटं बेअरिंग उभं लावा, प्लेट त्यावर टेकली पाहिजे. हे लावायचं राहिलं तर ड्रम रात्री खाली येतो.

आणि ताई, पुली-पट्ट्यावर जाळीचं कव्हर असल्याशिवाय मोटर चालू करायची नाही. आधी कव्हर, मग बटण. पदर, ओढणी, पोरांची बोटं काही बघत नाही तो पट्टा. फेटलिंग खात्यात मी जे बघितलंय त्यावरून सांगतोय, हे नंतर करू म्हणून ठेवू नका.

गोकाक_दगड:

फिटरकाकांनी यंत्राचं सगळं सांगितलं, मी आतल्या मालाचं बोलतो.

ढीग आधी निवडून घ्या. एका घाण्यात सारख्या कठीणपणाचेच दगड घालायचे, नाहीतर कठीण दगड मऊ दगडाला खाऊन टाकतो. दगडाच्या धारेनं बाटलीच्या काचेवर ओरखडा काढून बघा. गारगोटी, अकीक, आमच्या गोकाककडचा क्वार्टझाइट हे काचेला सहज ओरबाडतात, त्यांचा कठीणपणा १ ते १० च्या मापावर ७ च्या आसपास. हे एकत्र चालतील. विहिरीच्या ढिगातले पांढरे चमकदार स्फटिक बहुतेक झिओलाइट नाहीतर कॅल्साइट असणार. ते मऊ. ड्रममध्ये घातले तर पीठ होईल. तसेच जपून ठेवा, ते तसेच सुंदर दिसतात. काळा पाषाण भोकं नसलेला, घट्ट असेल तर वेगळ्या घाण्यात घ्या. त्याला आरशासारखी चकाकी येत नाही, पण हाताला रेशमी लागतो. जांभ्याचा तुकडा चुकूनही नको, सगळा गाळ तांबडा करील.

पॉलिशनंतर दगड कसा दिसेल ते आधीच बघता येतं. पाण्यात बुडवून बाहेर काढा, ओला जसा दिसतो जवळजवळ तसाच होणार. ओला असताना ज्यावर चिरा दिसतात तो बाजूला काढा.

पहिल्या टप्प्याला नदीची वाळू वापरून पैसे वाचवायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. वाळू म्हणजे गारगोटीच. जेवढी कठीण वाळू, तेवढाच कठीण दगड, मग घासणार कोण? सिलिकॉन कार्बाइड (तेच कार्बोरंडम) ९ च्या वरचं आहे, म्हणून ते चालतं. ३० किलोला ६०-८० नंबरचं अडीच-तीन किलो लागेल. ग्रॅनाइट पॉलिशवाल्यांना माल पुरवणाऱ्यांकडं चौकशी करा. शेवटच्या चकाकीला सेरियम ऑक्साइड. चष्म्याच्या काचा घासणाऱ्यांना ते माहीत असतं.

गाळाबद्दल कळकळीनं सांगतो. मोरीत ओतलात तर पाइपात सिमेंटसारखा बसतो. परसात खड्डा काढून त्यात ओता आणि वरून माती लोटा. ओट्यावर सांडून वाळला तर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. वाळलेल्या गाळाची धूळ म्हणजे सिलिका. गुजरातेत खंभातला अकीकाचा धंदा फार जुना, तिथं मणी घासणाऱ्या कारागिरांची फुप्फुसं याच धुळीनं गेली. सिलिकोसिस झाला की बरा होत नाही. तुमचं काम ओलं आहे म्हणून धोका फार कमी, तो तसाच कमी ठेवा.

आणखी एक, तुम्ही खानापूरच्या म्हणून. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतनं दगडसुद्धा उचलू नका.

चिकोडी_वायरमन:

विजेचा अंदाज देतो. अर्धा एचपी मोटर अशा लोडवर अडीचशे वॅटच्या आसपास घेईल, म्हणजे चोवीस तासांत सहा युनिट. महिनाभर अखंड चाललं तर १८०. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना) असाल तर घरचा वापर धरून दोनशेची रेषा ओलांडेल आणि त्या महिन्याचं पूर्ण बिल तुमच्यावर येईल. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) बसवाच, पाणी आणि लोखंड एकत्र आहे. शेतीपंपाच्या लाइनीवर जोडू नका.

अंगण_खानापूर:

सगळ्यांचे मनापासून आभार. दिरांना फिटरकाकांचं उत्तर वाचून दाखवलं. बारा इंची पाइपाचा तुकडा ते उद्याच बघायला जाणार आहेत, आणि कव्हर आधी करतो म्हणाले. काचेवर घासून ढीग निवडायला मी आणि पोरांनी सुरुवातही केली.

दोन शंका आहेत. माझ्या छोट्या टंबलरला जाड ग्रिटपासून शेवटच्या चकाकीपर्यंत चारही टप्पे मिळून महिना जातो. मोठ्यात वेळ वाढेल का? आणि इतक्या जागेला एकूण किती दगड लागतील?

उद्यमबाग_फिटर:

वेळ वाढत नाही, उलट माल जास्त असला की वजनानं घासणी चांगली होते. नदीचे गोटे आधीच गोल असतात, त्यांना पहिला टप्पा आठवड्याभरात पुरतो. बांधावरच्या कोनेरी दगडांना दोन-तीन आठवडे, मध्ये एकदा ग्रिट बदलून. दगड झिजून ड्रम रिकामा होत जातो, म्हणून थोडे दगड ज्यादा घासून ठेवा आणि भरतीला घाला. रोज एकदा ड्रम थांबवून झाकणाचे बोल्ट ढिले करा, आत गॅस धरतो. आपलं तोंड बाजूला ठेवून.

किती लागतील म्हणाल तर सहा बाय आठ फूट म्हणजे साडेचार चौरस मीटर. तीन सेंमीचा थर धरला तर दोनशे किलोच्या वर जातंय. झीज धरून आठ-नऊ घाणे. चारही टप्पे करत बसलात तर पाऊणेक वर्ष गेलं.

खरं ताई, मला विचाराल तर अंगणाला चारही टप्पे करूच नका. खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू. आरशासारखा पॉलिश झालेला दगड ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, आणि वृंदावनाला प्रदक्षिणा घालणार घरातली म्हातारी माणसं. पायाखालचे दगड २२० नंबरच्या ग्रिटवर थांबवा. हाताला मऊ लागतात, पाय घसरत नाही, आणि पावसात भिजले की रंग आपोआप खुलतात. वेळ आणि वीज दोन्ही निम्म्यावर येतील, वायरमन म्हणतात ती दोनशेची रेषासुद्धा सांभाळता येईल. सेरियमपर्यंत न्यायचे ते फक्त निवडक पट्ट्यापट्ट्यांचे, वृंदावनाच्या अंगावर लावायला. त्यांना तुमचं दीड किलोचं टंबलरच चांगलं. वेगळं भांडं असल्यानं जाड ग्रिटचा कण त्यात जायची भीती नाही.

पाइप मिळाला की आतला व्यास मोजून इथं टाका, पुलीचं माप त्यावरून पक्कं करून देतो.