निनावी मजकुरातील एका शब्दावरून माणूस ओळखता येतो का?

रामबाग, इंदूर
आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या पानावर कोणीतरी नाव न देता लिहिले आहे : ‘वर्गणी देऊन आम्ही परेशान, आणि दिवे मात्र दुसऱ्यांच्या ओसरीवर.’ गल्लीत ओसरी आता फक्त आमच्याच वाड्याला उरली असल्याने हा टोला हिशेब सांभाळणाऱ्या माझ्या सासऱ्यांना आहे असे सर्वांनी ठरवले, आणि ‘परेशान’ हा शब्द समोरच्या काकूंच्या तोंडी सतत असतो म्हणून लिहिणाऱ्या त्याच, असेही ठरले. दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले आहे. असा अर्थ लावणे कितपत योग्य आहे?

मोडीवाचक, ग्वाल्हेर
1761 साली पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांना मिळालेल्या पत्रात दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, असा मजकूर होता आणि त्यातून विश्वासराव व भाऊसाहेब गेल्याचे त्यांना उमगले, असे सांगतात. पण तेथे वाचणारा लढाईच्याच बातमीची वाट पाहत होता. महानुभाव पंथाची सकळ ही सांकेतिक लिपीही वाचता येई ती पंथातील जाणकारांनाच. सांकेतिक लेखनाची किल्ली लिहिणारा आणि वाचणारा या दोघांकडे आधीपासून असावी लागते. तुमच्या गल्लीत ती कोणाकडेच नसल्याने प्रत्येकाने आपापल्या मनातला संशय त्या ओळीत वाचला. ‘दिवे’ म्हणजे खरोखरच दिवे असतील, हे कोणी तपासले का?

शब्दगणक, वडोदरा
शैलीवरून लेखक ठरवता येतो, मात्र त्यासाठी पुष्कळ मजकूर लागतो. अमेरिकेच्या संविधानाच्या समर्थनार्थ टोपणनावाने लिहिलेल्या लेखांपैकी 12 लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये मॅडिसनच्या बाजूने सोडवला, तो ‘अपॉन’सारख्या, लिहिणाऱ्याच्या ध्यानातही न येणाऱ्या बारीक शब्दांची मोजणी करून. त्यांच्यापुढे उमेदवार दोनच होते आणि दोघांचेही विपुल लेखन हाताशी होते. तुमच्याकडे एकच ओळ आहे. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारात राहिलेल्या इंदूरच्या मराठीत ‘परेशान’ घरोघरी ऐकू येते; त्यावरून फार तर लिहिणारा पुण्याचा नसावा एवढे म्हणता येईल, काकूंपर्यंत पोहोचता येणार नाही.

रामबाग, इंदूर
सासऱ्यांना विचारले. मांडवातील उरलेल्या दिव्यांच्या माळा मागच्या गल्लीतील तीन घरांना दिल्या होत्या, तशी नोंद वहीत आहे. ती वही रविवारी बैठकीत सर्वांपुढे ठेवणार आहोत. काकूंकडे मी आज संध्याकाळीच जाते.