काळी पट्टी बांधून फायनल खेळलो तर आबाजी मॅच सोडून गेले. खेळात राजकारण आणलं का आम्ही?

कोरडवाहू_ऑलराउंडर:
राम राम मंडळी, जरा लांबचं लिहून राहिलो, सांभाळून घ्या. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाचा पट्टा. संक्रांत झाली, दुसरा वेचा उरकला की दरसाल टेनिस बॉलची टूर्नामेंट असते. यंदा (२०२५-२६) सोयाबीनचा हमीभाव ५३२८ आणि व्यापारी आमच्याकडं चार हजाराच्या वर बोलायला तयार नाही, वरून बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क २०२५ च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत काढून टाकलेलं, तर पोरं म्हणाली की फायनलला दंडाला काळी पट्टी बांधून उतरू. टेलरकडून उरलेलं काळं अस्तर आणलं, माझ्या बायकोनं कात्रीनं अकरा पट्ट्या कापल्या, एक जास्तीची बाराव्या गड्याला. पाहुणे आले, एका पक्षाचे नेते, नाव घेत नाही, बक्षिसाची ढाल त्यांच्याकडूनच होती. नारळ फुटला, कॅप्टन म्हणून मी त्यांना हार घातला, ओळखपरेड झाली, टॉस झाला.

आता आमच्याकडं एक आबाजी आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढचे, वीस वर्षांपासून लाँगऑनच्या कडूनिंबाखाली स्वतःचा बोरा टाकून बसतात आणि सगळ्यात चांगल्या कॅचला स्वतःच्या बंडीच्या खिशातून ५१ रुपये देतात. तिसरी ओव्हर चालू होती, आबाजी उठले, बोरा झटकला, घडी घालून काखेत मारला आणि निघून गेले. कोणाशी बोलले नाहीत. मी मिडविकेटला होतो, सगळं दिसत होतं, त्याच ओव्हरला माझ्या हातून सोपी कॅच सुटली. जिंकलो, पण मन लागलं नाही. टीममधले म्हणतात की असं केलं तर पुढच्या वर्षी पब्लिकच येणार नाही. मोठ्या खेळांत असं होते का हो? खेळाडूनं निषेध केला की प्रेक्षक खरंच तुटतात का?

शकुंतला_पॅसेंजर:
भाऊ, याच्यावर अमेरिकेत दोन-तीन वर्षं रान उठलं होतं. तिकडचं फुटबॉल, म्हणजे हातात बॉल धरून धडका मारायचं ते, त्याच्यात कॉलिन केपर्निक म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमचा खेळाडू. २०१६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी तो उभाच राहिला नाही, काळ्या लोकांवर पोलिसांचा जुलूम होतो म्हणून. आधी बाकावर बसून राहायचा, मग नेट बॉयर नावाच्या एका माजी सैनिकानंच त्याला सांगितलं की बसू नको, गुडघा टेकव, आम्ही आमच्या गेलेल्या साथीदाराच्या कबरीसमोर तसंच करतो. म्हणजे गुडघ्याची आयडिया सैनिकाची आणि बोंब कशाची, तर सैनिकांचा अपमान झाला! २०१७ च्या सप्टेंबरात खुद्द ट्रम्पनं भर सभेत सांगितलं की अशांना टीममालकांनी हाकलून द्यावं, मग तर जोरच चढला, लोकांनी जर्सी जाळल्या.

आता तुझ्या प्रश्नाचं. टीव्हीवर पाहणारे २०१६ ला ८ टक्क्यांच्या आसपास घटले, २०१७ ला अजून १० टक्क्यांच्या जवळ. लोक म्हणाले बघा, राजकारणानं खेळ बुडवला. पण २०१६ ला त्यांची अध्यक्षाची निवडणूक होती, सगळे ट्रम्प-क्लिंटनची भांडणं पाहत बसले होते, आणि केबल तोडून मोबाइलवर जाणारे तर तेव्हा धडाधड जात होते, त्यामुळं त्यातले गुडघ्यापायी गेले किती हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. २०१८ ला आकडा परत ५ टक्के वर. पब्लिक आलं रे वापस. केपर्निक नाही आला. २०१७ च्या मार्चमध्ये करार सोडला, त्यानंतर एकाही टीमनं त्याला घेतलं नाही. म्हणून तू पब्लिकची काळजी करू नको, ढाल देणाऱ्याची कर.

वऱ्हाडी_ठेचा:
काहून बे एवढं टेन्शन घेऊन रायला, एक बुढा उठून गेला त. मले त हेच समजत नायी का राजकारण म्हणतेत कशाले. २०१९ च्या मार्चमंधी, पुलवामा झालं होतं, रांचीले आपली टीम फौजी टोप्या घालून उतरली, धोनीनंच वाटल्या, आयसीसीनं परवानगी देली, आपुन समदे टीव्हीसमोर टाया पिटून रायलो होतो. तीन मयन्यानं वर्ल्डकपले धोनीच्या ग्लोव्हजवर पॅरा कमांडोचं बलिदानाचं निशाण दिसलं त तेच आयसीसी म्हणे काढा. अन् त्या ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजानं २०२३ ले पर्थ टेस्टच्या आंधी गाझाच्या लढाईवरून बुटावर लिवलं का सगळ्यायचे जीव सारखेच, त ते बूट घालूच नायी देले. मंग त्यानं कायी पट्टी बांधली, तुमच्यावानी, त त्याच्यावर बी ठपका. आपलं असलं का भावना अन् दुसऱ्याचं असलं का राजकारण, बस.

२०२५ च्या आशिया कपमंधी आपल्यायनं पाकिस्तानसंग हात नायी मियवला, फायनल जिंकून बी पाकिस्तानचा मंत्री नकवी, त्याच्या हातून ट्रॉफी नायी घेतली, तवा आमच्या पानठेल्यावर फटाके फुटले. तवा कोन उठून गेलं बोरा घेऊन? सांग.

पिंपळपार:
मी आबाजीच्या बाजूनं. माझ्या घरी बी सोयाबीनच आहे, मले भाव माहीत नाही का? मॅच पाहतो म्हणजे तीन घंटे तो भाव डोक्यात येत नाही, तेवढ्यासाठीच पाहतो. नागपूरच्या जामठ्याला मॅच असली की आम्ही आठ जण पैसे जमा करून गाडी करून जातो, पाण्याची बाटली पण गेटवर काढून घेतात, ते सहन करतो, आणि आत जाऊन पुन्हा तेच पाहायचं का जे घरी आहे? २०१८ ला कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत मैदानात बूट फेकले, धोनीच्या टीमच्या बाकीच्या घरच्या मॅच पुण्याला हलवल्या. माझ्या चुलतभावाची मजा झाली, तो तिकडं कंपनीत आहे, पिवळा टीशर्ट घालून जाऊन आला, कावेरी कुठं वाहते त्याला माहीत नाही. पण ज्या चेन्नईवाल्यानं दोन वर्षं वाट पाहिली होती टीम परत यायची, त्याच्या हाती काय आलं?

आपल्या विदर्भानं २०१९ ला इराणी कप जिंकला तेव्हा फैज फझलनं बक्षिसाचे पैसे पुलवामाच्या शहिदांच्या घरच्यांना दिले. तसं काही करा ना. अस्तराच्या पट्टीनं सोयाबीन चढते का?

शकुंतला_पॅसेंजर:
@पिंपळपार चढत नाही, कबूल. पण ओलोंगा आठवतो का? १९९८ ला शारजात सचिनला काढून उड्या मारल्या आणि मग फायनलला सचिननं ज्याला धू धू धुतला तोच. आपल्याकडं तो तेवढ्यावरच फेमस. त्याच हेन्री ओलोंगानं आणि अँडी फ्लॉवरनं २००३ च्या वर्ल्डकपला हरारेत नामिबियाविरुद्ध काळ्या पट्ट्या बांधल्या, झिंबाब्वेत लोकशाही मेली तिचा शोक म्हणून. स्वतःच्या देशात, मुगाबे खुर्चीवर असताना. ओलोंगाला देश सोडावा लागला, परत कधी झिंबाब्वेकडून खेळला नाही. मुगाबे पुढं चौदा वर्षं राहिला. म्हणजे तुझ्या हिशोबानं फेल. पण त्या नामिबियाच्या मॅचचा स्कोअर सांग बरं मला.

पिंपळपार:
स्कोअर तर तुलेबी माहीत नसन 😀 पण त्यांच्यावर जिवाचं होतं. अकरा पोरं फोटो काढून स्टेटस ठेवतात, त्यांच्याशी काय बरोबरी.

मॅटवरची:
मी अमरावतीत असताना कुस्ती खेळलेली आहे, आता शाळेत पीटी शिकवते. प्रेक्षक तुटतो का हे मला आमच्या काकांवरून सांगता येईल. २०१६ ला साक्षी मलिकनं रिओत ब्राँझ आणलं तेव्हा काकांनी गावात पेढे वाटले, बाबांना म्हणाले पोरीले तालमीतून काढू नको. २०२३ ला त्याच साक्षी, विनेश, बजरंग जंतरमंतरवर बसले, महासंघाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप होते, २८ मेला पोलिसांनी फरफटत उचललं, दोन दिवसांनी मेडल गंगेत टाकायला हरिद्वारला गेले, नरेश टिकैत यांनी कसंबसं थांबवलं. काका म्हणे, राजकारण करून राहिल्या, मेडल देशाचं आहे. मी जेवता जेवता ताट सरकवून उठले, आठ महिने बोलले नाही त्यांच्याशी. तालमीत कोणती गोष्ट आपण घरी सांगत नाही हे त्यांना कोण सांगणार होतं.

मग २०२४, पॅरिस. विनेशनं जपानच्या सुसाकीला पाडलं, जी कधी परदेशी पोरीकडून हरलीच नव्हती, आणि पहिला फोन काकांचा, “पोरी टीव्ही लाव, टीव्ही लाव!” दुसऱ्या दिवशी १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाद. काका दिवसभर जेवले नाहीत, काकूनं मला बोलावलं समजवायला. सप्टेंबरात ती काँग्रेसमध्ये गेली तर काका म्हणे, पाह्यलं, म्या म्हटलंच होतं. ऑक्टोबरात हरियाणातल्या जुलान्यातून आमदार झाली. पण काकांच्या मोबाइलवर अजून तिचाच फोटो आहे, पॅरिसचा. का ठेवला विचारलं नाही मी.

@कोरडवाहू तू आबाजींना विचारलंस का? इथं आम्ही सगळे त्यांच्या मनातलं सांगून राहिलो.

वऱ्हाडी_ठेचा:
मॅडमनं बराबर पकडला.

कोरडवाहू_ऑलराउंडर:
नव्हतं विचारलं. लाज वाटत होती, खरं सांगतो. काल संध्याकाळी गेलो. आबाजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, या बस म्हणाले, माझ्याही पुढं टोपलं सरकवलं. अर्धा घंटा शेंगाच सोलल्या. मग मी म्हटलं आबाजी, पट्टीचा राग आला का, पुढच्या वर्षी नाही बांधत.

तर हसले. म्हणाले, “पट्टीचा कायले येईन राग, भाव मलेबी भेटला नायी. ज्याले भाव मागाचा त्याच्याच गयात हार टाकला तुनं, अन् पट्टी कोनाले दाखोत होता? आमाले? आमाले मालूम हाय ना बा.”

काही सुचलं नाही. म्हणजे @ठेचा तू नकवीची ट्रॉफी लिहिलीस ना, ते वाचलं तेव्हा नुसतं पुढं सरकलो होतो, आबाजीच्या अंगणात आठवलं. निघताना त्यांनी आतून ५१ रुपये आणून दिले, म्हणे त्या डीप पॉइंटवाल्या पोराले दे, पयल्या ओव्हरची कॅच चांगली होती.

ढाल माझ्याच घरी आहे, दिवाणाखाली, नेत्याच्या फोटोचं स्टिकर वर करून. वापस करायची का, त्यावर पोरांचा ग्रुपवर काल रात्रीपासून गोंधळ चालू आहे. दोघं ग्रुप सोडून गेले, एक वापस आला.