फटाका की गोळी?

'मिरवणुकीत गोळी झाडली आणि एवढ्या गर्दीत कुणालाच कळलं नाही, हे पटत नाही' असं काहीजण म्हणतात. मला तर सहज पटतं. आमच्या गल्लीत मिरवणुकीच्या रात्री बेंजो, ताशे आणि हजाराची माळ एकदम सुरू झाली की शेजारचा कानाशी ओरडला तरी नुसते ओठ हलताना दिसतात. वर सुतळी बॉम्बचा धूर. त्यात दोन-तीन बार जास्तीचे वाजले, तर मान कोण वळवणार?

बाबा सिद्दीकींचंच घ्या. १२ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याची रात्र, वांद्रे पूर्व. आसपास फटाके फुटत होते आणि मुलाच्या कार्यालयाजवळच माजी मंत्र्याला गोळ्या घातल्या. पोलीस संरक्षण असून. दोघे तिथल्या तिथे पकडले गेले, एवढं मात्र पोलिसांच्या खात्यात जमा धरायला हवं.

'हे गुंडांचं काम, आपला काय संबंध' हेही अर्धंच खरं. वरातीत हौसेने हवेत बार काढणारा परवानाधारकही असू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून शस्त्र कायद्यात, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कुणी जखमी व्हायलाच हवं असं नाही.

आणि मंडळाच्या बैठकीत एक गोष्ट भांडून मागा: गल्लीच्या तोंडाशी रुग्णवाहिकेपुरती वाट. आमच्याकडे नेमके तिथेच स्टॉल लागतात, कारण त्यांचं भाडं वर्गणीपेक्षा लवकर हातात पडतं.