ग्रेंजचे विधी नुसती नक्कल नव्हते

ग्रेंज या अमेरिकन शेतकरी संघटनेचे विधी म्हणजे फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या पुरुषांच्या बंधुमंडळाची नक्कल, खरं काम झालं ते रेल्वे आणि धान्यकोठारवाल्यांशी लढताना, हे मत मला अर्धंच पटतं. ऑलिव्हर केली स्वतः मेसन होता आणि १८६७ साली वॉशिंग्टनमध्ये संघटना उभी करताना साचा त्याने तिथूनच उचलला, यात वाद नाही. कोठारांच्या दरांवर राज्य मर्यादा घालू शकतं हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८७७ चा 'मन विरुद्ध इलिनॉय' निकालही मोठीच कमाई.

पण मेसनांच्या सभेत बाईला प्रवेश नव्हता, आणि ग्रेंजमध्ये ती सुरुवातीपासून मताधिकारासह पूर्ण सभासद होती. हा आग्रह केलीच्या नात्यातल्या कॅरोलिन हॉलचा. विधीही त्या हिशेबानेच बेतलेले दिसतात. सभासदाच्या दीक्षेच्या पहिल्या चार पायऱ्या चार ऋतूंच्या. तिसरी सुगीची, तिथे विळ्याचा अर्थ समजावून सांगायचे. पुरुष कापणी करणारा, तर बाई सरवा वेचणारी. चौथीनंतर सगळ्यांची एकत्र पंगत. सेरीस, पोमोना, फ्लोरा या धान्य, फळं, फुलांच्या रोमन देवतांच्या नावाची पदं तर बायकांसाठीच राखलेली. पदाधिकारी म्हणून बाई सभेत सर्वांसमोर बसते आणि ठरावावर मत देते, हे शेतकरी कुटुंबांनी या विधींमधूनच अंगवळणी पाडून घेतलं, असं मला ठामपणे वाटतं. देशाच्या घटनेने अमेरिकन बायकांना मत दिलं ते थेट १९२० मध्ये.