जुन्या फ्लॅटचं वायरिंग बदलताना रास्त कोटेशन कसं मिळवावं? जाणकारांनी अनुभव लिहावेत

जुना टू बीएचके, सगळं वायरिंग नव्यानं करायचंय आणि हातात तीन कोटेशनं. एकात पॉइंटचा दर, दुसऱ्यात चौरस फुटाचा, तिसऱ्यात नुसता एकरकमी आकडा. तुलना कशाची कशाशी करणार? या कामात रोज असणाऱ्यांनी नेमकं सांगावं: काय मोजायचं, काय विचारायचं, पैसे कुठे वाढतात.

वायरिंग कंत्राटदार, पुणे
दर विचारायच्या आधी ‘पॉइंट’मध्ये काय काय धरलंय ते लिहून घ्या. सहसा बोर्डापासून दिव्यापर्यंतचा पाइप, वायर आणि स्विच एवढंच त्यात येतं. डीबीपासून (घरातल्या मुख्य वितरण पेटीपासून) बोर्डापर्यंतची वायर म्हणजे सर्किट मेन, तिचा दर मीटरवर वेगळा असतो. स्वस्त कोटेशनात ही ओळच नसते आणि शेवटच्या बिलात मात्र उगवते. पुढचे प्रश्न: टू-वे पॉइंट (एकच दिवा दोन जागच्या स्विचनी लावायचा) एक धरणार की दोन? बोर्डावरचा 6 अँपिअरचा सॉकेट पूर्ण पॉइंट की हाफ? पंख्याच्या पॉइंटात रेग्युलेटर आहे का? मेटल बॉक्स आणि मॉड्यूलर प्लेट कोणाच्या खात्यात?

चौरस फुटाचा दर घेऊ नका. त्याच 650 फुटांत कोणी 45 पॉइंट काढतो, कोणी 80. प्लॅनच्या झेरॉक्सवर खोलीवार खुणा करा: दिवे, पंखा, 6 अँपिअर, 16 अँपिअर, एसी, गीझर, टीव्ही, इंटरनेट. एकच यादी तिघांना द्या आणि प्रत्येक ओळीसमोर दर मागा. वाढीव पॉइंटचा दरही त्याच कागदावर आजच लिहून घ्या, कारण काम अर्ध्यावर असताना घासाघीस करायला जागा उरत नाही.

इलेक्ट्रिकल इंजिनीअर, नाशिक
यादीत सर्किट (डीबीतून निघणारी एकेक स्वतंत्र लाइन) किती हेही हवं. आयएस 732 या वायरिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर 10 पॉइंट किंवा 800 वॉटपेक्षा जास्त नको. 2 किलोवॉटचा गीझर 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढतो, 3 किलोवॉटचा इन्स्टंट गीझर 13. स्वयंपाकघरात इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि मिक्सर एकाच सर्किटवर टाकले की कोटेशन स्वस्त होतं आणि एमसीबी (जादा करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच) रोज पडते. दिव्यांना 1.5, 16 अँपिअरच्या सॉकेटला 2.5 आणि एसीला स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटर, असं आकड्यानिशी लिहून घ्या. ‘चांगल्या कंपनीची वायर’ या शब्दांना बिलात काही अर्थ नाही.

सगळ्यात जास्त फसगत आरसीसीबीत होते, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचमध्ये. कोटेशनात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असते, पण जुन्या वायरिंगमधला थोडा भाग तसाच ठेवायचा ठरतो. जुन्या घरात दोन सर्किटांचे न्यूट्रल (करंट परत नेणाऱ्या वायरी) एखाद्या बोर्डात एकत्र जोडलेले सापडतात. एका सर्किटचा करंट दुसऱ्याच्या न्यूट्रलमधून परततो. ते सर्किट आरसीसीबीबाहेर असलं, किंवा दोन आरसीसीबींमध्ये घर विभागलं असलं, की जाणारा आणि येणारा करंट जुळत नाही आणि ती पडत राहते. मग कोणीतरी ‘ही खराब आहे’ म्हणून ती बायपास करून जातो आणि जीव वाचवणारी वस्तू डीबीत नुसती शोभेला उरते. ‘प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल डीबीपर्यंत वेगळा’ हे वाक्य कोटेशनात जसंच्या तसं घाला. जो कंत्राटदार याचे पैसे जास्त सांगतो, तो बहुधा जास्त वायर खरंच टाकणार असतो.

वायर आणि स्विचगिअरचे विक्रेते, ठाणे
कंपनीचं नाव पुरेसं नाही. एफआर (सहज न पेटणारी), एफआरएलएस (शिवाय धूर कमी करणारी) की एचएफएफआर (हॅलोजन नसलेली), किती चौरस मिलिमीटर, 90 मीटरची किती बंडलं, हे लिहा. वायरच्या छापील दरावर व्यापारी सूट मोठी असते. त्यामुळे ‘छापील दरावर 10 टक्के कमी’ ऐकून खूश होऊ नका, निव्वळ दर विचारा आणि 18 टक्के जीएसटी धरून की सोडून तेही. तांब्याचा भाव हलला की दरांची यादी बदलते, म्हणून कोटेशन किती दिवस चालेल ते नमूद हवं.

माल स्वतः घेणार असाल तर न उघडलेलं बंडल परत घेण्याची अट दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. संशय आला तर बंडलाची दोन्ही टोकं मल्टिमीटरला लावा: 1.5 ची 90 मीटर वायर साधारण 1.2 ओहम दाखवते, 2.5 ची 0.7 च्या आसपास. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. वाचन बरंच जास्त आलं तर तांबं कमी आहे.

साइट सुपरवायझर, डोंबिवली
झिरी (पाइपासाठी भिंतीत खाच) कोण मारणार, सिमेंटचं पॅकिंग कोण करणार, राबिट (तोडफोडीचा मलबा) खाली कोण नेणार? इलेक्ट्रिशियन म्हणतो गवंड्याचं काम, गवंडी म्हणतो माझ्या दरात नाही. या तिन्ही ओळी कोणाच्या तरी कोटेशनात असल्याच पाहिजेत. कॉलम आणि बीमला झिरी मारू देऊ नका, तिथून पाइप वळवावा लागतो आणि लांबी वाढते, तेव्हा आधीच मोजा.

प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा मोजायची टेप लावून फोटो काढा. पुढे ड्रिल करताना तर उपयोगी पडतोच, पण बिलातले मीटर पडताळायचा तोच एक पुरावा असतो. पैसे टप्प्यांनी द्या: पाइप आणि बॉक्स बसल्यावर, वायर ओढल्यावर, स्विच लागल्यावर. शेवटचा हप्ता चाचणीनंतर.

परवानाधारक वायरमन, सांगली
चाचणी म्हणजे दिवे लावून दाखवणं नव्हे. उपकरणं काढून, एलईडी दिवेही उतरवून, 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) वायरच्या आवरणाचं इन्सुलेशन बघायचं. वाचन 1 मेगाओहमच्या खाली नको, नव्या वायरिंगला ते पुष्कळ वर येतं. आरसीसीबीचं टेस्ट बटण मालकानं स्वतः दाबून बघावं.

दोन एसी वाढणार असतील तर मंजूर भार बिलावर बघा. तो वाढवायला वीज कंपनीकडे अर्ज आणि परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल लागतो. हा अहवाल कोटेशनात धरलाय का, ते विचारा. मीटरपासून घरापर्यंतची केबलही त्या भाराला पुरते का ते बघून घ्यावं, कारण ती पहिल्या मजल्याला आणि सातव्याला सारख्या पैशांत येत नाही.

रत्नागिरी, बंगल्यांची कामं
आमच्याकडे जांभ्यात अर्थिंगचा आकडा (जमिनीचा रोध, ओहममध्ये) सहज उतरत नाही. ‘अर्थिंग एक नग’ असं कोटेशन घेऊ नका. खड्डा किती खोल, जमिनीत पुरायचा इलेक्ट्रोड कोणता, आणि किती ओहमच्या आत आणून देणार, हे लिहून घ्या. वाचन मे महिन्यात घ्या, पावसाळ्यात ओल्या जमिनीत ते चांगलंच येतं.